चौदा खोल्या, एक केरसुणी

गोव्यातील जुने घर पाहावयास आलेला पाहुणा प्रथम वर पाहतो. कौलारू छपराची उंची, सागवानी खांब, शिंपल्यांच्या तावदानांतून झिरपणारा दुधी उजेड हे सारे त्याच्या नजरेत भरते. त्या घरात राहणारी गृहिणी मात्र खाली पाहते. कोपऱ्यात साठलेला केर, भिंतीच्या पायथ्याशी चढलेली ओल, सकाळी झाडलेल्या जमिनीवर दुपारपर्यंत वाशांवरून पुन्हा गळलेली भुकटी हे तिला दिसते. घराची डागडुजी काढताना बहुधा पाहुण्याची नजर विचारात घेतली जाते, आणि गृहिणीला कोणी विचारत नाही.

फोंडा तालुक्यातील एक घर डोळ्यांसमोर आणावे. मध्ये राजांगण, त्यात तुळशीवृंदावन, चहूबाजूंनी पडव्या आणि चौदा खोल्या. चार भावांच्या संसारांसाठी ते बांधलेले. आज तेथे थोरल्या भावाची सत्तरी ओलांडलेली पत्नी एकटी राहते. सकाळी दोन तास कामाला एक बाई येते. थोरला मुलगा मस्कतला, धाकटा पुण्यास. दीर-जावांचे संसार मुंबईत. वर्षातले साडेतीनशे दिवस घरात एक माणूस आणि चतुर्थीला चाळीस. ख्रिस्ती घरांत फेस्ताला वा नाताळला हाच प्रकार होतो. अशी घरे आज गोव्यात गावोगाव आहेत.

पूर्वी हे घर आरशासारखे राही, ते काही बांधणीच्या गुणाने नव्हे. घरात चार सुना होत्या, आणि भाटकाराच्या जमिनीवर खोपटे बांधून राहिलेली मुंडकारांची कुटुंबे होती. शेण आणावयाचे, जमिनी सारवावयाच्या, कोळिष्टके काढावयाची, मे महिन्यात छपरावर चढून कौले शाकारावयाची. ही कामे त्यांच्या हातून होत आणि त्यांचा मोबदला क्वचितच मोजून दिला जाई. १९७५ च्या कायद्याने मुंडकारांना राहत्या घरातून हुसकावले जाण्यापासून संरक्षण मिळाले. त्यांची मुले शिकली, नोकऱ्यांना लागली. हे योग्यच झाले. जुन्या घरांच्या लखलखाटासाठी हळहळणाऱ्यांनी तो लखलखाट कोणाच्या पाठीवर उभा होता, तेही आठवावे.

मस्कतचा मुलगा सुटीवर आला तो एक बेत मनाशी पक्का करूनच. "आई, हे सारे पाडू या. दोन खोल्यांचे स्लॅबचे घर बांधू. तुला त्रास नको." वस्तुतः पाडणे त्याच्या एकट्याच्या हाती नव्हतेच, वडिलोपार्जित घरात काका-आत्यांचेही वाटे होते. पण आईने तो मुद्दा काढलाच नाही. ती म्हणाली, "अरे, घर पाडायचे की झाडायचे, ते आधी ठरव. झाडायचे असेल तर मला विचार. आणि दोन खोल्यांत चतुर्थीला चाळीस पाने कुठे मांडशील?"

मग आठ दिवस तो आईच्या मागोमाग घरभर हिंडला. तेव्हा त्याच्या ध्यानात आले की, तिचा जीव दमतो तो खोल्यांच्या संख्येमुळे तितका नव्हे, जितका उंबऱ्यांमुळे. आतल्या प्रत्येक दारी उंबरा. केर तेथे अडायचा, तो वाकून केरभरणीत भरावयाचा, पुढच्या खोलीत पुन्हा तेच. मुख्य दाराचा आणि देवघराचा उंबरा ठेवून आतले बाकीचे काढले. शेणाच्या जमिनी जाऊन तांबडी काव घातलेला सिमेंटचा कोबा आला. चकचकीत फरश्यांचा मोह टाळला, कारण पावसाळ्याच्या दमटपणात त्यांवरून म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरावयास वेळ लागत नाही. जमीन आणि भिंत यांचा सांधा काटकोनी न ठेवता गोलाई देऊन भरला, म्हणजे केरसुणीला कोपरा उरत नाही. न्हाणीघरात आणि राजांगणात मोरीकडे उतार दिला. विहिरीवर पंप बसला. ही कामे पाहुण्याच्या नजरेस पडणारी नव्हेत.

भिंतींच्या बाबतीत मात्र फसगत झाली. गवंड्याने सुचविले, "चुना दरवर्षी लावीत बसण्यापेक्षा सिमेंटचा गिलावा करा, वर ऑइलपेंट द्या, दहा वर्षे पाहावयास नको." मागच्या बाजूची भिंत तशी केली. दुसऱ्या पावसाळ्यात तिला फुगे आले, रंगाचे पोपडे सुटले आणि पांढरे क्षार पिठासारखे जमिनीवर सांडू लागले. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. तो जमिनीतली ओल वर ओढून घेतो. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा ओलीला तोटा नाही. चुन्याचा गिलावा ती ओल हळूहळू हवेत सोडतो. सिमेंट ती आत कोंडते, आणि कोंडलेली ओल जागा मिळेल तेथून बाहेर पडते. केर कमी व्हावा म्हणून केलेल्या भिंतीनेच केर घातला! अखेर तो गिलावा खरवडून काढला आणि चुना लावला. वर्षाकाठी सफेदीचा एक हात द्यावा लागतो, पण तो गावचा कोणीही मजूर देतो. भिंतीवर पावसाची झड बसू नये म्हणून वळचण हातभर पुढे काढली. पूर्वी तेथे झावळ्यांचे झाप बांधीत.

छपराचा प्रश्न असाच अवघड. कौलांवर पत्र्याचे दुसरे छप्पर चढविण्याची रीत अलीकडे गावोगाव पसरली आहे. शाकारणी टळते, हे खरे. पण पावसात पत्र्याखाली शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. येथे कुजलेल्या रिपा बदलून मंगळूरी कौले पुन्हा बसविली. स्वयंपाकघर आणि निजण्याची खोली यांनाच लाकडी तक्तपोशी केली. चौकीला केली नाही, कारण गणपतीवरची माटोळी वाशांनाच बांधावयाची असते. गॅस आल्यापासून चुलीचा धूर थांबला आणि काजळीही गेली. तथापि त्या धुराने लाकडाची कीड दूर राही. आता दरवर्षी वाशांवर औषध मारावे लागते.

वापरात नसलेल्या आठ खोल्यांना कुलुपे घालावी, असे मुलाच्या मनात होते. आईने घालू दिली नाहीत. बंद खोलीत पहिल्या पावसात बुरशी धरते आणि दुसऱ्यात वाळवी लागते. खोल्या रिकाम्या केल्या, खिडक्यांना बारीक जाळी लावली आणि दारे उघडी ठेवली. वारा फिरतो, आणि आठवड्यातून एकदा झाडले तरी भागते. शिंपल्यांची तावदाने दर्शनी दिवाणखान्यात राहिली, कारण तेवढीच पुसणे एका बाईला झेपते. ती जोराने घासली तर पापुद्रे सुटतात. इतरत्र साधी काच आली. माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी मात्र जेथल्या तेथेच आहेत, कारण त्यांवर चौघांचा हक्क आणि घासण्याची हौस कोणालाच नाही.

त्या वर्षी चतुर्थीला चाळीसही माणसे आली. मुंबईची धाकटी जाऊ ताटांची चळत घेऊन स्वयंपाकघरातून निघाली आणि दाराशी येताच, जेथे आता उंबरा नाही तेथे, तिने सवयीने पाय उंच उचलला. मागून येणाऱ्या दोघींनीही तसेच केले. मग तिघी एकमेकींकडे पाहून हसू लागल्या.