मिठाचा हिशेब
(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



मागच्या खेपेस आपण आहारावरचा पाठ वाचला. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, पालेभाजी, ताक, ऋतूतले फळ असे अन्न चांगले, असे त्या पाठात होते. पाठ संपल्यावर एका बाईंनी विचारले, "गुरुजी, हे सगळं आम्ही खातोच की. मग दवाखान्यातली नर्सबाई मीठ कमी करा म्हणते, ते कशापायी? अन्न चांगलं असलं म्हणजे झालं. मिठाची काळजी कशाला?"

प्रश्न मोठा चांगला आहे. आजचे बोलणे त्याच्यावरच.

आधी मिठाची थोरवी सांगून टाकतो, म्हणजे मी मिठाचा वैरी आहे असे कोणी म्हणायला नको. मिठावाचून माणूस जगत नाही. उपकार स्मरणाऱ्याला आपण खाल्ल्या मिठाला जागणारा म्हणतो. १९३० साली गांधीजी दांडीला चालत गेले ते मिठासाठी. आपल्या कोकणात शिरोड्याला सत्याग्रह झाला तोही मिठासाठीच. तेव्हा मीठ वाईट नव्हे. किती खावे, एवढाच प्रश्न आहे.

मिठात सोडियम नावाचे एक द्रव्य असते. शंभर भाग मीठ घेतले तर त्यात सुमारे चाळीस भाग सोडियम. हे सोडियम अंगात पाणी धरून ठेवते. लोणचे जास्त खाल्ले की पाणी-पाणी होते, ते आपल्याला ठाऊक आहे. प्यायलेले पाणी रक्तात येते, रक्ताचे माप वाढते, आणि रक्ताच्या नळ्यांवर दाब पडतो. आपली मूत्रपिंडे जादा मीठ लघवीवाटे बाहेर टाकतात. पण रोज तीनदा ओझे टाकले तर बैलही थकतो.

विहिरीवरच्या मोटारीचे पाहा. दाब फार झाला की पाइप कुठेतरी फाटतो. पाइप फाटला तर पाणी उडालेले दिसते. रक्ताचा दाब मात्र दिसत नाही आणि बहुधा दुखतही नाही. माणूस रानात जातो, धारा काढतो, बाजार करतो. एके दिवशी सकाळी उठतो तो हात उचलत नाही, तोंड वाकडे, बोलणे बोबडे. मग आपण म्हणतो, अंगावरून वारं गेलं. कर्ता माणूस खाटेवर पडला की त्याच्याबरोबर घरही खाटेला लागते. अशी घरे प्रत्येक गावात आहेत, नावे घ्यायची गरज नाही. (असे झाले तर अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नका. त्याच घटकेला गाडी करून मोठ्या दवाखान्यात न्या. पहिले तास फार मोलाचे असतात.)

आता बाईंच्या प्रश्नाकडे येतो. अन्न चांगले असले तर मीठ चालते का?

अमेरिकेत डॉक्टरांनी हाच प्रश्न तपासून पाहिला. त्याचा निकाल २००१ साली छापून आला. ४१२ माणसे घेतली. निम्म्यांना तिकडचे नेहमीचे जेवण दिले. निम्म्यांना भाज्या, फळे आणि कमी साईचे दूध-दही भरपूर असलेले जेवण दिले. सगळे जेवण डॉक्टरांच्या देखरेखीखाली तयार केलेले. मग दोन्ही पंगतींना महिनाभर जास्त मीठ, महिनाभर मध्यम, महिनाभर कमी, असे आलटून पालटून वाढले आणि रक्तदाब मोजला.

निघाले काय? चांगल्या जेवणाने रक्तदाब उतरला, मीठ जास्त असतानाही उतरला. म्हणजे बाईंचे म्हणणे अर्धे खरे ठरले. पण त्याच चांगल्या जेवणातले मीठ कमी केल्यावर रक्तदाब आणखी उतरला. नेहमीच्या जेवणात मीठ जास्तीवरून कमीवर आणले तेव्हा वरचा आकडा सरासरी सुमारे ७ने खाली आला. चांगल्या जेवणात ३ने. ज्यांचा रक्तदाब आधीच चढलेला होता, त्यांना जास्त गुण आला. भाजी-फळांत पोटॅशियम नावाचे द्रव्य असते. ते जादा सोडियम बाहेर काढायला मदत करते, म्हणून चांगले खाणाऱ्याला थोडे संरक्षण मिळते. थोडे, पुरते नव्हे.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचे आम्हाला काय सांगता? बरे, खेड्यातले सांगतो. उत्तर चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर एक प्रयोग झाला. त्याचा निकाल २०२१ साली आला. हे लोक असे, की ज्यांना एकदा झटका येऊन गेला होता किंवा जे साठीच्या पुढचे असून रक्तदाब चढा होता. आपल्यासारखेच घरी रांधून खाणारे. निम्म्या खेड्यांत नेहमीचे मीठ चालू ठेवले. निम्म्या खेड्यांत असे मीठ दिले की ज्यात पाऊण हिस्सा साधे मीठ आणि पाव हिस्सा पोटॅशियमचे मीठ. सुमारे पाच वर्षे पाहिले. साध्या मिठाच्या खेड्यांत दर हजार माणसांमागे वर्षाला सुमारे ३४ झटके आले, दुसऱ्या खेड्यांत २९. हजारात पाच घरे वाचली. मला हा आकडा लहान वाटत नाही.

असे मीठ आपल्याकडेही दुकानात मिळते. पण एक सावधगिरी. ज्याची मूत्रपिंडे बिघडली आहेत त्याला ते धोक्याचे आहे, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबरही ते चालत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आता हिशेब. पाट्या काढा.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही पुरा नाही. यात भाजीतले, चटणीतले, लोणच्यातले सगळे आले. घरात पाच माणसे धरा. पाच पाचे पंचवीस. दिवसाला २५ ग्रॅम. एक किलोच्या पुड्यात १००० ग्रॅम. १००० भागिले २५, उत्तर ४०. म्हणजे पाच जणांच्या घरात किलोचा पुडा चाळीस दिवस पुरला पाहिजे.

तुमच्या घरी किती दिवस पुरतो? वीस दिवसांत संपत असेल तर दर माणशी १० ग्रॅम पडले, दुप्पट झाले. लेकरे असतील तर त्यांना कमी पुरते, म्हणजे मोठ्यांच्या वाट्याला आणखी जास्त आले. गुरांना घातलेले मीठ वेगळे मोजा. लोणच्यात-पापडात घातलेले मात्र वजा करू नका, ते शेवटी आपल्याच पोटात जाते. काम सोपे आहे. पुडा फोडला की त्यावर तारीख लिहायची. आता लिहिता येते ना?

साहेबांच्या देशात बहुतेक मीठ बाहेरच्या तयार खाण्यातून पोटात जाते, त्यामुळे तिथला माणूस कारखानदारावर अवलंबून. आपल्या खेड्यात अजून बहुतेक मीठ घरच्या हाताने पडते. मीठ कमी करायला आपल्याला कोणाची परवानगी नको, फक्त घरच्या लोकांची. तीच अवघड! नावडतीचे मीठ अळणी, ही म्हण उगीच पडलेली नाही. सुनेने एका दिवसात मीठ निम्म्यावर आणले तर ताट भिरकावले जाईल आणि बोल तिला लागेल. तेव्हा पुरुष मंडळींनो, हे काम बायकांवर ढकलू नका. ताटात वरून मीठ घेणारा हात बहुधा तुमचाच असतो.

हळूहळू कमी करा. दर आठवड्याला चिमूटभर. जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात, मग आधीचेच खारट वाटू लागते. भाकरीच्या पिठात मीठ घालत असाल तर ते बंद करा, कळणारही नाही. कालवणात चिंच, आमसूल, लिंबू, लसूण, भाजलेले जिरे असले की मीठ कमी पडल्याचे लक्षात येत नाही. खरे दुखणे तोंडी लावण्यात आहे. खर्डा, लोणचे, पापड, सांडगी मिरची, सुका खारा मासा. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो, त्यातही सोडियमच. सोडू नका म्हणा, पण एका ताटात एकच.

शेवेच्या, वेफरच्या पुड्यांनी मात्र खेड्यातही घर केले आहे. पुड्याच्या मागे बारीक अक्षरांत सोडियमचा आकडा असतो. बहुधा इंग्रजीत असतो, शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. त्या आकड्याची अडीच पट केली की मीठ किती ते कळते. समजा, १०० ग्रॅम शेवेत सोडियम ८०० मिलिग्रॅम लिहिले आहे. अडीच पट म्हणजे २००० मिलिग्रॅम, म्हणजे २ ग्रॅम मीठ. दिवसाच्या पाचातले दोन तिथेच गेले.

नेहमी विचारतात त्या शंका आता उरकतो. उपासाचे सैंधव चालते का? सैंधव हेही मीठच, सोडियम जवळजवळ तेवढेच, भाव मात्र जास्त. रोजचे मीठ आयोडीनयुक्तच घ्या, नाहीतर गळ्याला गलगंड होण्याची भीती. उन्हात घाम गाळणाऱ्याला जास्त मीठ नको का? घामातून मीठ जाते खरे, पण आपले रोजचे जेवण ते बहुधा भरून काढते. उन्हात कमी पडते ते पाणी. फारच कमी मीठही बरे की वाईट, यावर विद्वानांचा वाद चालू आहे. तो चालू द्या. दहा ग्रॅम खाणाऱ्याने त्या वादात पडायचे कारण नाही. आणि मीठ कमी केले म्हणून रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, हे पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

एक प्रसंग मात्र वेगळा. लेकराला जुलाब लागले की त्याच्या अंगातले पाणी आणि मीठ दोन्ही वाहून जाते. तेव्हा मीठ तोडायचे नाही. तेव्हा तेच औषध. आशाताईंकडून क्षारसंजीवनीची पुडी आणा. ती मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा, चमचा चहाचा. थोडे थोडे पाजत राहा. पाजण्याआधी स्वतः चाखून बघा. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागले तर ओतून द्या आणि पुन्हा नीट मोजून करा.