नऊ खांब, आठ भोकं

मुरबे येथे संगणक वर्गाच्या नव्या तुकडीपुढे आपल्या एका माजी विद्यार्थिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर



ताई, सर, पालक मंडळी आणि चटईवर बसलेल्या माझ्या भावंडांनो,

मला भाषणाची सवय नाही. ताई म्हणाल्या, "मोठं काही नको, पहिला बोर्ड बसवलास तेवढंच सांग." म्हणून तेवढंच सांगते.

माझे बाबा बोटीवर खलाशी. बोट दुसऱ्याची, मेहनत आमची. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा आई-बाबा दोघंही भातलावणीला जातात. आमच्या पाड्यावर संगणकाला हात लावणारी मी पहिली. आयटीआयला कोपा ट्रेड केला, पण तिथं आम्ही टाइप करायला शिकलो. कॅबिनेट उघडून आत कधी डोकावलो नव्हतो.

आपल्या या खोलीत तेव्हा देणगीत आलेले जुने संगणक होते. त्यातला एक बंद पडला. उघडून पाहिलं तर मदरबोर्डाच्या कडेला हिरवट बुरशीसारखं काहीतरी. ती बुरशी नव्हती, तांब्याला चढलेला गंज होता. मुरब्याची हवा तुम्हाला माहीत आहे. सायकलची साखळी सोडत नाही, ती बोर्डाला काय सोडणार?

ताईंनी देणगीच्या पैशातून साडेचार हजारांचा नवा बोर्ड आणला आणि माझ्यापुढे ठेवला. "तू बसव." आमच्या घरात एवढी रक्कम मी एकत्र कधी पाहिली नव्हती. त्यात शिष्यवृत्तीचे फॉर्म महाडीबीटीवर भरायची मुदत जवळ आलेली. इथं संगणक नसला तर मुलांनी बोईसरला जायचं, म्हणजे रिक्षाभाडं गेलं आणि सोबत येणाऱ्या आईबापाचा रोजही बुडाला.

आता बोर्ड कसा बसतो ते ऐका, तुम्हालाही करायचं आहे.

आधी वीज बंद करून वायर काढायची. मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. ती आपल्याला जाणवतही नाही, पण चिप मारू शकते. बोर्ड नेहमी कडेनं धरायचा. बोर्डासोबत एक पातळ पत्रा येतो, त्याला माउस, कीबोर्ड, नेट यांच्या जागा कापलेल्या असतात. तो कॅबिनेटच्या मागच्या खिडकीत आतून दाबून आधी बसवायचा. हे विसरलात तर सगळं पुन्हा खोलावं लागतं.

मग येतात पितळेचे छोटे खांब. त्यांना स्टँडऑफ म्हणतात. बोर्डाच्या पाठीवर शेकडो डागाची टोकं असतात आणि कॅबिनेट लोखंडाचं. दोघं एकमेकांना टेकले तर शॉर्ट. म्हणून बोर्ड या खांबांवर अधांतरी बसतो. भोकांच्या जागा कंपनीच्या मर्जीवर नसतात. इंटेलनं १९९५ साली एटीएक्स नावाचं माप ठरवलं आणि १९९७ साली त्याचा धाकटा भाऊ मायक्रो-एटीएक्स आला, २४४ मिलिमीटर चौरसाचा. म्हणून एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो.

माझा नवा बोर्ड मायक्रो-एटीएक्स होता. भोकं मोजली, आठ. स्क्रू मोजले, आठ. बोर्ड तिरका धरून मागच्या पत्र्यात सरकवला, खाली टेकवला. स्क्रू आधी सगळे हलके लावले, मग समोरासमोरचे थोडेथोडे आवळले. एसएमपीएसची चोवीस पिनांची मोठी वायर लावली, प्रोसेसरजवळची छोटी लावली. बटण दाबलं.

पंखा एकदा गर्रकन फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा तसंच.

माझ्या पोटात गोळा आला. मी कोणाला काही बोलले नाही. कॅबिनेटवर फडकं टाकलं आणि घरी गेले. खरं सांगते, पुन्हा या खोलीत यायचंच नाही, असं मी वाटेत ठरवलं होतं.

बाबा त्याच दिवशी बोटीवरून आले होते. माझं तोंड पाहून त्यांनी विचारलं. त्यांना बोर्ड काय ते कळत नाही. पण ते म्हणाले, "समुद्रात इंजिन बंद पडलं तर आम्ही आधी तांडेलाला सांगतो. लपवलं तर सगळी बोट अडकते. मग शेवटचा हात कुठं लागला होता, तिथनं बघत जातो."

सकाळी मी ताईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, ओरडतील. त्या म्हणाल्या, "चल, दोघी मिळून उघडू."

आठही स्क्रू काढले, बोर्ड उचलला आणि मी खाली पाहिलं. खांब नऊ होते. जुन्या बोर्डाला नऊ भोकं होती, नव्याला आठ. नववा खांब नव्या बोर्डाच्या पाठीवर, डागांच्या मधोमध टेकत होता. मी भोकं मोजली, स्क्रू मोजले, खांब मोजलेच नाहीत. एसएमपीएसला शॉर्ट कळला आणि त्यानं स्वतःच वीज तोडली, म्हणून पंखा थांबत होता. त्यानंच बोर्ड वाचवला.

तो खांब पक्कडीनं काढला. बोर्ड पुन्हा बसवला. बटण दाबलं, पंखा फिरला आणि फिरतच राहिला. पडद्यावर अक्षरं आली तेव्हा ताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्याच आठवड्यात त्या संगणकावरून पाड्यातल्या मुलांचे फॉर्म गेले. त्यात माझ्या धाकट्या भावाचाही होता.

हा बघा तो नववा खांब. मी जपून ठेवला आहे. हातोहात फिरवा, पण परत द्या.

भावंडांनो, तुमच्या हातूनही चुका होतील. कॅबिनेट उघडं पडून राहील, स्क्रू हरवेल, पंखा थांबेल. त्या दिवशी फडकं टाकून घरी जाऊ नका. मी एक रात्र गेले होते आणि ती रात्र फार लांब होती. सकाळची वाट पाहू नका, आधी सांगा. इथं कोणी ओरडणार नाही, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते.

आता उठा. त्या टेबलावर एक जुना बोर्ड आणि रिकामं कॅबिनेट ठेवलं आहे. दोघांदोघांनी या. आणि स्क्रू हातात घेण्याआधी मला सांगा, खांब किती आहेत?

जोहार.