आवाजांतील तडतड



आज बोलावयाचा विषय दिसावयास अगदीं लहान आहे. लॅपटॉपवर गाणें लावावें आणि स्वरांच्या मधून मधून लाह्या फुटल्यासारखा 'तड्', 'फट्' असा आवाज यावा, एवढाच तो विषय. अशा वेळीं 'स्पीकर फाटला' असा निकाल घरांतल्या घरांत देऊन मोकळें होण्याची आपली रीत आहे. मग कोणी नवे स्पीकर बसवून घेतो, कोणी नवें यंत्रच विकत आणतो, आणि तडतड पुष्कळदां होती तशीच राहते. कारण दोष स्पीकरांत नसून दुसरीकडे असतो.

पैसे वांचविण्यापुरताच हा प्रश्न असता तर त्यावर एवढें बोलण्याचें कारण नव्हतें. परंतु जळगांव आणि धुळें या दोन जिल्ह्यांतील घरांना त्याचें आणखी एक अगत्य आहे. आखाजीचीं गाणीं, कानबाईचीं गाणीं, आजीनें आपल्या बोलींत म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या कोणी हौसेनें कॅसेटींत भरून ठेविल्या असतील, तर त्या फिती आतां जुन्या झाल्या आहेत. २०११ सालच्या जनगणनेंत 'खानदेशी' या सदराखालीं १८ लाखांहून अधिक लोकांनीं आपली भाषा नोंदविली. पण या बोलीचें पुष्कळसें धन कागदावर नसून कंठांत आहे. बहिणाबाई चौधरी यांना लिहितां येत नव्हतें. सोपानदेव आदि घरच्या मंडळींनीं त्यांचीं गाणीं टिपून ठेविलीं, म्हणूनच १९५२ सालीं त्यांचा संग्रह निघूं शकला. आज तें टिपण्याचें काम लॅपटॉप करूं शकतो. मात्र फीत उतरवून घेतांना यंत्रांत तडतड शिरली, तर ती आजीच्या आवाजाला कायमची चिकटते. उलट, तडतड केवळ वाजविणाऱ्या यंत्रांत असतांना ती ध्वनिमुद्रणांतच आहे असें समजून कोणी तें 'स्वच्छ' करावयास बसला, तर ट, ठ, च यांसारख्या व्यंजनांचा आणि टाळीचा आघातहि त्याबरोबर बोथट होतो. यासाठीं दोष नेमका कोठें आहे हें आधीं ओळखलें पाहिजे.

लॅपटॉपच्या पोटांत आवाज हा आंकड्यांच्या रूपानें असतो. संगीताच्या सीडीवर दर सेकंदास ४४,१०० आणि चलच्चित्रांत बहुधा ४८,००० आंकडे प्रत्येक बाजूच्या स्पीकरासाठीं असतात. हे आंकडे एका लहान हौदांत सांठवून तेथून ध्वनियंत्राकडे सोडले जातात. ४८० आंकड्यांचा हौद सेकंदाच्या अवघ्या शंभराव्या भागांत रिकामा होतो. पांझरा नदीवरील फडबागाइताची जुनी पद्धत ज्यांनीं पाहिली आहे त्यांना हें चटकन् कळेल. पाटकरी वेळेवर येऊन पाणी फिरवितो तोंवर सर्व ठीक चालतें. त्याला कोणी भलत्याच कामाला बोलाविलें, तर तो परत येईपर्यंत चारी कोरडी पडते. लॅपटॉपांतील प्रोसेसर हा असाच पाटकरी आहे. तो दुसऱ्या कामांत गुंतला कीं हौद रिकामा राहतो, ध्वनीची लाट मध्येंच तुटते, आणि ती एकदम तुटल्याचा जो धक्का तोच आपणांस 'तड्' असा ऐकूं येतो.

पण हें झालें एक कारण. कारणें निरनिराळीं असल्यामुळें परीक्षाहि क्रमानें करावी. त्यासाठीं हत्यार लागत नाहीं; कान, घड्याळ आणि थोडा धीर एवढें पुरें आहे.

पहिली परीक्षा अशी : ज्या ठिकाणीं तडतड ऐकूं आली तोच भाग तीनदां वाजवावा. तिन्ही वेळां ती त्याच अक्षरावर आली, तर तीच फाईल मोबाईलवर वाजवून पाहावी. तेथेंहि त्याच जागीं आली तर दोष ध्वनिमुद्रणांत आहे. लॅपटॉप निर्दोष समजावा. दरवेळीं जागा बदलत असेल, तर दोष वाजविणाऱ्या यंत्राकडे आहे.

दुसरी परीक्षा : तारेचा हेडफोन लावून ऐकावें. त्यांत आवाज स्वच्छ असेल, तर संशय स्पीकरावर किंवा त्याच्या बैठकीवर घ्यावा. आंतील पडदा फाटलेला असणें, धूळ बसणें किंवा एखादा स्क्रू सैल होऊन कांहीं तरी थरथरणें, हीं त्याचीं नेहमींचीं कारणें होत. हेडफोनमध्येंहि तडतड असेल तर स्पीकर बदलून कांहींच साधणार नाहीं.

तिसरी परीक्षा वेळेची. आवाज सुरू होतांना आणि थांबल्यावर कांहीं सेकंदांनीं एकदांच 'टप्' असें होत असेल, तर तो वीज वांचविण्याच्या योजनेचा परिणाम समजावा. शांतता झाली कीं ध्वनियंत्र झोंपीं जातें. झोंपतांना आणि जागें होतांना त्यांतील विजेचा दाब एकदम बदलतो आणि स्पीकरचा पडदा हिसका खातो. असा अधूनमधूनचा हलका 'टप्' सहसा कांहीं बिघडवीत नाहीं. लिनक्सवर पुष्कळ यंत्रांत ध्वनियंत्राची 'पॉवर सेव्ह' ही मांडणी शून्य केली कीं तो थांबतो. विंडोजवर लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीचा ध्वनिचालक, म्हणजे ऑडिओ ड्रायव्हर, नवा करून पाहावा.

गाण्याच्या मध्येंच, वाटेल तेव्हां तडतड होत असेल, तर तो वर सांगितलेला पाटकऱ्याचा उशीर होय. वायफाय बंद करून पाहावें. वायफायचा किंवा चित्रयंत्राचा चालक प्रोसेसरला अडवून धरतो असें कित्येकदां आढळतें. विंडोजवर 'लेटन्सीमॉन' नांवाची प्रणाली कोणत्या चालकामुळें उशीर होतो हें दाखविते. आवाज सजविणारे 'एन्हान्समेंट' बंद करावे. बॅटरी वांचविण्याची योजना तात्पुरती काढावी. आणि आपल्याकडे उन्हाळा विसरून चालणार नाहीं. मे महिन्यांत जळगांव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ तापला कीं स्वतःला वांचविण्यासाठीं आपली गति कमी करतो. अशा वेळीं लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवणें म्हणजे त्याचें नाक दाबणें होय. तो कठीण पृष्ठभागावर ठेवावा आणि पंख्याच्या जाळीवरील धूळ वर्षांतून एकदां तरी काढवून घ्यावी.

केवळ मोठ्या आवाजांत, विशेषतः ढोलाच्या थापेवर तडतड होत असेल, तर यंत्रावर त्याच्या शक्तीपलीकडे भार पडत आहे. कांहीं प्रणालींत आवाज १०० टक्क्यांच्या वर नेतां येतो. तेथें लाटेचे माथे सपाट छाटले जातात आणि आवाज फाटतो. आवाज ७० टक्क्यांवर आणतांच तो सुधारला, तर उपाय हाताशींच आहे.

शेवटची परीक्षा विजेची. चार्जर काढून बॅटरीवर ऐकावें. तडतड किंवा गुणगुण थांबली तर चार्जर अथवा घरांतील जोडणी संशयास्पद आहे. कूलर किंवा पंप सुरू होतांना एकच 'फट्' ऐकूं येत असेल, तर तो त्याच्या खटक्यावरील ठिणगीचा प्रताप. मध्यम लहरींवरील रेडिओ अशी ठिणगी हवेंतूनहि पकडतो. लॅपटॉपांत ती बहुधा तारांवाटे येते.

येथें एक इशारा दिलाच पाहिजे. गुणगुण थांबते म्हणून कांहीं लोक तीन कांट्यांच्या पिनेंतील जाड कांटा काढून टाकतात. तो कांटा अर्थिंगचा, अर्थात् जिवाच्या रक्षणाचा आहे. त्याला कधींहि हात लावूं नये. तापीच्या खोऱ्यांतील काळी जमीन उन्हाळ्यांत वाळते, तिला भेगा पडतात, आणि कोरड्या मातींतून विजेला जमिनींत उतरणें कठीण होतें. यास्तव फाल्गुन-चैत्रांतच तारतंत्र्याकडून अर्थिंग तपासून घ्यावें आणि तिच्या खड्ड्याला पाणी घालीत जावें. लॅपटॉप घरीं उघडण्याचें धाडसहि करूं नये. आंतील बॅटरीला टोंचा लागला तर ती पेट घेते. कारागिराकडे जातांना मात्र वरील परीक्षांचे निष्कर्ष कागदावर लिहून न्यावेत. 'आवाज खराब आहे' एवढेंच सांगणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षां 'हेडफोनमध्यें स्वच्छ, स्पीकरमध्यें तडतड' असें सांगणाऱ्याचें काम लवकर आणि स्वस्तांत होतें.

आतां पुन्हां त्या फितींकडे वळूं. एखादी फीत उतरविण्यापूर्वीं दहा मिनिटांचें दुसरेंच कांहीं तरी उतरवून हेडफोननें ऐकावें. तें स्वच्छ निघालें तरच आजीची फीत लावावी. त्या वेळीं वायफाय बंद असावें, इतर प्रणाली मिटलेल्या असाव्यात, आणि आवाजाची पातळी शिखरापासून थोडी खालींच ठेवावी. मुद्रण 'वेव्ह' स्वरूपांत, कांहींहि न दाबतां करावें. एका तासाच्या आवाजाला त्यांत सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. आजच्या मानानें ती फार नाहीं. ही मूळ प्रत तशीच दोन ठिकाणीं ठेवावी; स्वच्छ करण्याचे प्रयोग करावयाचे ते तिच्या नकलेवर. आणि काम झालें तरी कॅसेट फेंकूं नये.

तडतडीचें कारण शोधावयास एखादी संध्याकाळ पुरते. तें आधीं शोधलें, तर नातवंडांच्या कानीं ओवी पडेल ती आजीच्या कंठांतून निघाली तशीच पडेल.