थंडीचे कपडे व घरचें धुणें

नाशिकची थंडी सर्व महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. शेजारच्या निफाडास तर डिसेंबर-जानेवारींत पारा कित्येकदां ५ अंशांच्याहि खालीं उतरतो. त्यामुळें येथील बहुतेक घरीं लोंकरी कपड्यांची एखादी पेटी असतेच. त्यांतील कांहीं कपडे शरणपूर रस्त्यावरील तिबेटी बाजारांत घेतलेले असतात, कांहीं लुधियानाच्या कारखान्यांतून आलेले, तर एखादा आजीनें सुयांवर विणलेला. संक्रांत उलटून थंडी ओसरूं लागली, कीं गृहिणीपुढें प्रश्न उभा राहतो: हे कपडे ड्रायक्लीनिंगला द्यावे, कीं घरीं धुवावे?

ड्रायक्लीनिंग हें नांव थोडें फसवें आहे. त्यांत कपडा कोरडा राहत नाहीं. तो पाण्याऐवजीं पेट्रोलजन्य द्रवांत किंवा परक्लोरोएथिलीनसारख्या द्रव्यांत भिजवितात. अशा द्रवानें तेलकट डाग उत्तम निघतात. परंतु घामांतील मीठ विरघळतें तें पाण्यांतच. शिवाय १९९५ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें परक्लोरोएथिलीनची गणना मानवास बहुधा कर्करोगकारक अशा द्रव्यांत केली, आणि २०२४ च्या डिसेंबरांत अमेरिकेनें ड्रायक्लीनिंगमधील त्याचा वापर दहा वर्षांत बंद करण्याचा नियम केला. घाबरून जाण्याचें कारण नाहीं. मात्र धुऊन आणलेला कपडा वेष्टनांतून काढून मोकळ्या हवेंत टांगल्याशिवाय कपाटांत ठेवूं नये.

घरीं धुण्याची भीति वाटते ती स्वेटर आटण्याची. लोंकरीचा तंतु सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तर त्यावर कौलांप्रमाणें एकावर एक बसलेले खवले दिसतात. उष्णता, सोड्याचा क्षार आणि चोळणें हीं तिन्ही एकत्र आलीं, कीं हे खवले एकमेकांत गुंततात व पुन्हां सुटत नाहींत. विणीचें नमद्यासारखें जाड कापड होतें. मिश्र विणींतील ॲक्रिलिक असें आटत नाहीं. पण कढत पाण्यानें वा गरम इस्त्रीनें तें कायमचें सैल पडतें. म्हणून मिश्र लोंकरीस दोहोंचेंहि पथ्य पाळावें लागतें.

प्रथम कपड्याची चिठ्ठी पाहावी. घंगाळ्यांत हात असें चित्र असेल, तर तो हातानें धुण्याजोगा समजावा. घंगाळ्यावर फुली असेल, तर तो पाण्यांत घालूं नये. चिठ्ठी नसल्यास आंतील शिवणीवर ओलें पांढरें फडकें दाबून रंग उतरतो का, तें पाहावें. मग स्वेटर जुन्या वर्तमानपत्रावर पसरून पेन्सिलीनें त्याची आकृति काढून ठेवावी.

पाणी ३० अंशांहून अधिक गरम नसावें. हातास गरम लागलें, तर तें लोंकरीस नक्कीच अधिक झालें. गंगापूर धरणाचें नळाचें पाणी कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्यापेक्षां बरें, कारण क्षारांच्या योगानें साबणाचा पांढरट साका तंतूंत बसतो. रिठ्याचा तसा साका होत नाहीं. रात्रीं भिजविलेले रिठे कुसकरून गाळलेलें पाणी गडद कपड्यांस फार चांगलें. पांढऱ्या लोंकरीवर मात्र त्याची पिवळट झांक येऊं शकते. तेथें लोंकरीसाठींच मिळणारा सौम्य द्रव वापरावा. नेहमींची धुण्याची पूड टाळावी. तींत बहुधा प्रथिनें पचविणारीं द्रव्यें असतात, आणि लोंकर ही स्वतः केराटिन नांवाचें प्रथिनच आहे.

स्वेटर उलटा करून पांच-दहा मिनिटें भिजवावा व हळूहळू दाबावा. चोळूं नये, धोपटूं नये, नळाखालीं धरूं नये. खळबळण्याचें पाणीहि पहिल्याइतकेंच कोमट वा गार असावें. ओली लोंकर दुबळी होते. म्हणून बाहेर काढतांना दोन्ही हातांनीं खालून आधार द्यावा. पिळण्याऐवजीं जाड पंचांत गुंडाळून पाणी टिपावें. शेवटीं काढलेल्या आकृतीवर मापें जुळवून घ्यावीं आणि बाजेवर कोरडी चादर घालून तींवर तो सावलींत आडवा वाळवावा. दोरीवर टांगल्यास पाण्याच्या भारानें त्याच्या बाह्या लांबतात.

अस्तराचे कोट, जरीच्या शाली आणि तेलाचे मोठे डाग यांच्यासाठीं लाँड्रीच योग्य. उरलेल्यांस घरचें पाणी पुरे. पूर्ण वाळल्यावांचून मात्र कांहींच पेटींत ठेवूं नये. कसरीच्या अळ्या लोंकर खातात, आणि घामाचे व अन्नाचे डाग त्यांस विशेष आवडतात. सबब स्वच्छ कपडा ही कडुनिंबाच्या पाल्याहून मोठी राखण होय. बाजारचा स्वेटर बिघडला, तर दुसरा मिळतो. आजीच्या हातची वीण आटली, तर ती पुन्हां कोण विणणार? अर्ध्या तासाचें हें जपून केलेलें काम पुढच्या नातवंडासाठीं तिची ऊब राखून ठेवतें.