शेळी विकली जाण्याआधी

(पनवेल येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सोमालिया म्हटले की आपल्याला दोन चित्रे आठवतात: हाडांचा सापळा झालेले मूल आणि धान्याची पोती उतरवणारे विमान. विमान येण्याआधीच्या सहा-आठ महिन्यांत त्या मुलाच्या घरात काय घडते, याविषयी मी आज बोलणार आहे. माणूस उपाशी पडतो त्याच्या कितीतरी आधी त्याचे कमाईचे साधन हातचे जाते. मदत पोचायला हवी ती तेव्हा.

दक्षिण सोमालियातला बे हा प्रांत आपल्या सोलापूर-बीडसारखाच ज्वारीचा मुलूख. त्याच्या आजूबाजूला उंट आणि शेळ्यामेंढ्या पाळणारे लोक. ते जनावर विकतात आणि ज्वारी घेतात. पाऊस दगा देतो तेव्हा चारा संपतो, जनावरे खंगतात, सगळेच ती एकदम बाजारात आणतात आणि भाव कोसळतो. त्याच बाजारात ज्वारी महाग होत जाते. ज्या शेळीवर घर अनेक आठवडे चालायचे, तिच्यावर आता थोडेच दिवस निघतात. मग दुसरी शेळी, मग दुभती, मग शेवटची. बाजारात ज्वारी असते, पण ती घ्यायला घरात काही उरलेले नसते. अशा कुटुंबाला पुढे धान्य मिळाले तरी ते छावणीत मिळते, आणि पाऊस पडल्यावर घरी परतून करायचे काय, हा प्रश्न तसाच राहतो.

2010 च्या पावसाने ओढ दिली. इशारे त्याच वर्षी मिळू लागले होते. पण 1991 साली केंद्रीय सरकार कोसळल्यापासून या देशाची घडी बसलेली नव्हती. दक्षिणेचा बराच भाग अल-शबाब या सशस्त्र संघटनेच्या ताब्यात होता, जागतिक अन्न कार्यक्रमाने 2010 च्या जानेवारीतच तिथले काम थांबवले होते. 20 जुलै 2011 रोजी संयुक्त राष्ट्रांनी दुष्काळ जाहीर केला आणि त्यानंतर पैशाचा ओघ सुरू झाला. पुढे झालेल्या अभ्यासाने मृतांचा अंदाज सुमारे 2,58,000 इतका दिला. त्यांतली निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालची मुले होती.

2017 मध्ये तसेच संकट पुन्हा आले. या वेळी मदत लवकर निघाली. कुटुंबांच्या मोबाइलवर थेट पैसे जमा झाले, पाणी पोचवले गेले, जनावरांवर उपचार झाले. हाल झाले, पण 2011 ची पुनरावृत्ती टळली.

श्रोतेहो, हा धडा महाराष्ट्राने फार आधी गिरवला आहे. 1970 ते 1973 अशी लागोपाठ तीन वर्षे आपल्याकडे अवर्षण होते. त्याच सुमारास आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यातही दुष्काळ होता. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दोन्हींची तुलना केली आहे. दरडोई धान्य साहेलच्या देशांपेक्षा महाराष्ट्रात कमी होते. तरीही भूकबळींचा मोठा उद्रेक तिकडे झाला, इकडे टळला. कारण इथे लोकांच्या हाती मजुरी पडत होती. मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवरची हजेरी 50 लाखांच्या आसपास गेली. खडी फोडणे, बंडिंग, पाझर तलाव, रस्ते. ज्यांनी त्या उन्हात खडी फोडली, त्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. मदत म्हणून मिलो ज्वारी आणि सुकडीचा पूरक आहार आला, त्यांचेही मोल आहे. पण घर तगले ते आठवड्याच्या पगारावर.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. यासाठी नोकरदारांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. आजही आपल्या पगाराच्या चिठ्ठीत ती कपात दिसते. शहराच्या पगारातून खेड्यातल्या मजुरीचा हक्क उभा राहिला, याचा मला महाराष्ट्राचा माणूस म्हणून अभिमान वाटतो. 2005 मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा झाला. त्याच वर्षी इथिओपियाने आपली मोठी योजना सुरू केली: दरवर्षी टंचाईत सापडणाऱ्या कुटुंबांना बांधबंदिस्तीच्या कामावर ठरलेल्या महिन्यांत पैसे किंवा धान्य.

सोमालियाला हे इतके सोपे नाही. कायद्याची हमी द्यायला सरकार जागेवर लागते. जिथे ते नाही तिथे जे शिल्लक आहे त्यावर बांधणी करावी लागते: गावातले वडीलधारे, व्यापारी, परदेशी गेलेल्यांनी हवालामार्गे पाठवलेला पैसा. आणि लोकांकडे उरलेले जपावेही लागते: 1993-94 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गेलेल्या भारतीय ब्रिगेडने बे प्रांतातल्या बैदोआच्या परिसरात विहिरी खोदल्या आणि जनावरांवरही उपचार केले. बंदूकधारी सैनिकाने पशुवैद्य सोबत नेणे, यात त्या मुलखाची खरी जाण होती.

आता आपल्या उंबरठ्याशी येऊ. पनवेल-कर्जत-पेणच्या कातकरी वाड्यांत शेळीच्या जागी माणसाचे कष्टच गहाण पडतात. भाताची लावणी उरकली की हाताला काम राहत नाही. घरातले तांदूळ संपत येतात. नेमक्या त्या दिवसांत वीटभट्टीवाल्याचा माणूस वाडीत येतो आणि उचल देऊन जातो. दिवाळीनंतर जोडपे मुलांसह भट्टीवर जाते, मुलांची शाळा सुटते. आठवड्याला खर्ची मिळते, हिशेब हजार विटांवर होतो आणि पावसाच्या तोंडावर कळते की उचल अजून फिटलेली नाही. वेठबिगारी कायद्याने 1976 पासून बंद आहे. पण भाद्रपदातली ती चणचण मिटत नाही, तोवर उचल वाटणाऱ्याला वाडीचा रस्ता मोकळाच.

मुंबई-गोवा रस्त्यावर तारा गावी युसुफ मेहेरअली सेंटर आहे. 1961 साली स्थापन झालेल्या या संस्थेत डॉ. जी. जी. पारीख यांनी आयुष्य घातले. तिथे दवाखान्याच्या जोडीला शाळा आहेत, तेलघाणी, साबण आणि कुंभारकामही आहे. आजारी माणसाला औषध दिल्यावर तो बरा होऊन कोणत्या कमाईवर जगणार, हा विचार त्या रचनेत आहे. जगातल्या कोणत्याही मदतकार्याला मी हाच प्रश्न विचारीन.

म्हणून दोन विनंत्या. दूरच्या दुष्काळासाठी देणगी देताना संस्थेला विचारा, की जनावरे, बियाणे आणि मजुरी वाचवायला तुम्ही किती आधी पोचता? आणि इथे, गणपतीच्या आधी, आपल्यापैकी चारचार जणांनी एकेका वाडीत जावे, रोजगार हमीच्या कामाची लेखी मागणी भरून द्यावी आणि ग्रामपंचायतीकडून तारखेची पोच घ्यावी. ती पोच नसेल तर बेकारी भत्त्याचा हक्क सांगता येत नाही. उचल वाडीत पोचण्याआधी काम पोचले पाहिजे, आणि ते पोचवणे पनवेलकरांच्या आवाक्यातले आहे.