हास्यवायु आणि ब-१२ जीवनसत्त्व



हास्यवायु हें नांव ऐकतांच कोणाच्याहि मुद्रेवर स्मित उमटावें. परंतु या वायूचा आपल्या शरीराशीं होणारा व्यवहार हसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. विशेषतः शाकाहारी कुटुंबांनीं तो समजून घेणें अगत्याचें आहे.

या वायूचें शास्त्रीय नांव नायट्रस ऑक्साइड. जोसेफ प्रीस्टले या इंग्रज शास्त्रज्ञानें १७७२ सालीं तो शोधून काढला. हंफ्री डेव्ही यानें तो स्वतः हुंगून पाहिला आणि शस्त्रक्रियेंतील वेदना शमविण्यास तो उपयोगी पडेल, असें १८०० सालीं लिहून ठेविलें. अमेरिकेंतील होरेस वेल्स या दंतवैद्यानें १८४४ च्या डिसेंबरांत हा वायु घेऊन स्वतःचीच दाढ काढवून घेतली. दंतवैद्यकांत, प्रसूतीच्या वेळीं व शस्त्रक्रियेंत त्याचा उपयोग आजहि होतो.

त्याची दुसरी बाजू फार उशिरां उघडकीस आली. डेन्मार्कमध्यें धनुर्वाताच्या रोग्यांना कित्येक दिवस सतत हा वायु देण्यांत आला, तेव्हां त्यांच्या अस्थिमज्जेंतील रक्तकण निर्माण होण्याचें कार्य मंदावलें. ही हकीकत १९५६ सालीं प्रसिद्ध झाली. पुढें १९७८ सालीं अमेरिकेंतील डॉ. रॉबर्ट लेझर यांनीं १५ रुग्णांचें वर्णन केलें. हातापायांना मुंग्या, बधिरता आणि चालतांना जाणारा तोल, हीं त्यांचीं लक्षणें होतीं. त्यांतील बहुतेक सारे दंतवैद्यच होते!

असें कां व्हावें? ब-१२ जीवनसत्त्वाच्या रेणूच्या मध्यभागीं कोबाल्ट धातूचा एक अणु असतो. हास्यवायु नेमका त्या अणूलाच बाधा पोंचवितो. मग जीवनसत्त्व शरीरांत असूनहि निरुपयोगी ठरतें. किल्ली कमरेला आहे, पण तिचे दांतेच झिजले आहेत, अशी स्थिति होते. मज्जातंतूंवरील वेष्टन सुस्थितींत ठेवण्यास हें जीवनसत्त्व अवश्य असल्यामुळें तें वेष्टन खराब होऊं लागतें. म्हणूनच रक्तांतील ब-१२ चा आंकडा कधीं कधीं फसवा ठरतो. तो ठीक दिसला, तरी होमोसिस्टीन हें द्रव्य वाढलें आहे कीं काय, हें पाहावें लागतें.

ज्याच्या गांठीं या जीवनसत्त्वाची शिल्लक भरपूर आहे, त्याला अल्पकाळ दिलेल्या भुलेपासून सहसा अपाय होत नाहीं. शरीर तूट भरून काढतें. परंतु शिल्लकच तुटपुंजी असेल, तर एका शस्त्रक्रियेनंतरहि कांहीं आठवड्यांनीं मज्जातंतूंचा विकार उद्भवल्याचीं उदाहरणें नमूद आहेत. ब-१२ आपणांस मांस, मासळी, अंडीं व दूध यांपासून मिळतें. धान्य-भाजीपाल्यांत तें जवळजवळ नसतें. पुणें शहर व परिसरांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी २००६ सालीं प्रसिद्ध झाली. तींत ६७ टक्के पुरुषांच्या रक्तांत हें जीवनसत्त्व कमी आढळलें. आपल्या घरांतील शिल्लक किती, हा प्रश्न प्रत्येकानें स्वतःस विचारावा.

दुसरा धोका करमणुकीचा. साय घुसळण्याच्या यंत्रांतील लहान नळकांड्यांतून हा वायु फुग्यांत भरून हुंगण्याचें व्यसन युरोपांतील तरुणांत पसरलें. नेदरलंड्स व ब्रिटन या देशांनीं २०२३ सालीं कायद्यानें त्यास बंदी घातली. वारंवार हुंगणाऱ्या कित्येक तरुणांचे पाय लुळे पडले आहेत.

तेव्हां शस्त्रक्रियेस भिण्याचें कारण नाहीं. मात्र भूल देणाऱ्या डॉक्टरांस आपला आहार आणि पूर्वीची रक्तक्षीणता अवश्य सांगावी. नंतर पायांत मुंग्या येऊं लागल्या, तर ‘थकवा असेल’ म्हणून दिवस दवडूं नयेत. वायु वेळींच थांबवून ब-१२ चीं इंजेक्शनें दिलीं, तर पुष्कळ रुग्ण सुधारतात. विलंब झाला, तर पांगळेपण कायमचें राहूं शकतें.