जुन्या पिकअपचे पुढचे ब्रेक

अमेरिकेंतील खेड्यापाड्यांतून आणि लहान शहरांच्या बाहेरील वस्त्यांतून पिकअप ही मालमोटार घरच्या बैलजोडीसारखी वावरत आली आहे. पुढें दोघां-तिघांना बसण्यापुरती जागा, मागें उघडा हौदा, आणि त्या हौद्यांत आज गवताच्या पेंढ्या तर उद्यां सिमेंटचीं पोतीं. शेव्हरोलेच्या कारखान्यानें १९६० सालीं बाजारांत आणलेली सी-१० ही अशा गाड्यांपैकीं फार नांवाजलेली गाडी. ती काटक, तिचें इंजिन साधें, सुटे भाग मुबलक, आणि दुरुस्ती घरच्या अंगणांत होण्याजोगी. म्हणूनच साठ वर्षें उलटून गेलीं तरी आजोबांची गाडी नातू हौसेनें चालवितो आणि आपल्या हातांनीं दुरुस्तहि करतो.

ह्या गाडीचा दुबळा भाग म्हणजे तिचे ब्रेक. १९७० पर्यंतच्या सी-१० ला चारी चाकांना ड्रमचे ब्रेक असत. १९७१ पासून शेव्हरोलेनें आपल्या हलक्या मालमोटारींच्या पुढच्या चाकांना डिस्क-ब्रेक देण्याचा प्रघात पाडला. त्याआधींच्या गाडीचे धनी आपल्याहि गाडीला हा गुण लावूं पाहतात. काम अवघड नाहीं. पान्हा धरतां येणाऱ्या माणसाला तें दोन-तीन सुट्यांत साधतें. परंतु तें अर्धवट राहून जाण्याचा संभव मोठा, आणि अर्धवट राहिलेलें हें काम मुळींच न केलेल्या कामाहून अधिक घातक असतें.

गाडी थांबते तेव्हां तिच्या अंगची सारी ऊर्जा उष्णता होऊन मुख्यतः ब्रेकांत उतरते. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत जाते. ताशीं ३० मैलांचे ६० मैल झाले कीं ती चौपट होते. माणसांसह १८०० किलो भरणारी पिकअप ताशीं ६० मैलांवरून थांबवितांना जी उष्णता निघते तिच्यांत जवळजवळ दोन लिटर गार पाणी उकळीला येईल. चुलीला ह्या कामास अर्धी घटका तरी लागते. ब्रेकांना तें चार-पांच सेकंदांत उरकावें लागतें. शिवाय हा भार चारी चाकांवर सारखा वांटला जात नाहीं. ब्रेक दाबतांच गाडी नाक खालीं घालते, वजन पुढें झुकतें, आणि थांबविण्याच्या कामांतील दोन-तृतीयांश वांटा, कधीं त्याहूनहि अधिक, पुढच्या दोन चाकांना उचलावा लागतो. सुधारणेचा आरंभ पुढच्या ब्रेकांपासून होतो तो ह्यामुळें.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारें ओतीव लोखंडाचें उथळ पातेलें. त्याच्या पोटांत दोन अर्धचंद्राकृति शू असतात. पॅडल दाबलें कीं ऑइलचा दाब त्यांना बाहेर लोटतो आणि त्यांच्यावरील लायनर पातेल्याच्या आंतल्या कडेला घासतात. ह्या रचनेंत एक मोठी खुबी आहे. फिरता ड्रम शूला आपल्याबरोबर ओढतो, त्या ओढीनें शू अधिकच घट्ट बसतो, आणि पायाच्या थोड्या जोरांत पुष्कळ काम होतें. मात्र उष्णतेनें लायनरचें घर्षण थोडें घटलें कीं ही फुकटची मदतहि घटते आणि ब्रेकची शक्ति एकदम कोसळते. एका बाजूच्या लायनरला तेलाचा किंवा पाण्याचा हात लागला तर गाडी दुसऱ्या बाजूला खेंचते. त्यांत भर म्हणून तापलेला ड्रम फुगतो, शूंपासून दूर जातो, आणि पॅडल दर वेळीं थोडें अधिक खोल जाऊं लागतें.

लांब उतारावर ह्याचा प्रत्यय येतो. कोलोरॅडोंतील पाइक्स पीक हें शिखर १४,००० फुटांहून उंच आहे आणि त्याच्या माथ्यापर्यंत मोटारीचा रस्ता जातो. उतरणाऱ्या गाड्यांना वाटेंत ग्लेन कोव्ह येथें थांबवून रक्षक त्यांच्या ब्रेकांची उष्णता मोजतात, आणि ब्रेक फार तापलेले आढळले तर ते निवेपर्यंत गाडी बाजूला उभी करवितात. ही तपासणी आजच्या नव्या गाड्यांनाहि चुकत नाहीं. मग चारी चाकांना ड्रम असलेल्या जुन्या पिकअपची तेथें काय अवस्था होत असेल ह्याची कल्पना करावी.

डिस्क-ब्रेकची कल्पना कांहीं कालपरवांची नव्हे. इंग्रज यंत्रज्ञ फ्रेडरिक लँचेस्टर ह्यांनीं १९०२ सालींच तिचें पेटंट घेतलें होतें. पण तिला दिवस यायला अर्धें शतक जावें लागलें. १९५३ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत डनलॉपचे डिस्क-ब्रेक लावलेल्या जग्वारनें जिंकली, तेव्हां मोटारी बनविणाऱ्यांचे डोळे उघडले. १९५५ सालीं सिट्रोएनच्या डी.एस. गाडीनें पुढच्या चाकांना हे ब्रेक घेतले. गरीब बिचाऱ्या मालमोटारीची पाळी नेहमींप्रमाणें सर्वांच्या मागून आली.

ह्या ब्रेकांत चाकाबरोबर लोखंडाची सपाट तबकडी फिरते आणि कॅलिपर नांवाचा चिमटा तिला दोन्ही अंगांनीं पॅडांमध्यें धरतो. तबकडी उघड्यावर असल्यानें वारा तिला निववितो, पाणी तिच्यावरून झुगारलें जातें, आणि तापून ती फुगली तरी पॅडांपासून दूर जात नाहीं. ड्रममधील ती फुकटची मदत येथें नसल्यामुळें पायानें जेवढें मागावें तेवढेंच मिळतें. अर्थात् त्याचा मोबदला पायालाच द्यावा लागतो. जोर अधिक लागतो.

डिस्क विकत घेण्याआधीं धन्यानें बॉनेट उघडून मास्टर सिलिंडर पाहावा. १९६६ पर्यंतच्या सी-१० मध्यें त्याला एकच कप्पा असे, आणि चारी चाकांकडे जाणाऱ्या नळ्या त्या एकाच कप्प्यावर विसंबून असत. मागच्या एका चाकाची गंजलेली नळी फुटली कीं ऑइल तेथून निघून जातें, पॅडल फळीला टेकतें, आणि चारी चाकें मोकळीं होतात. १९६७ पासून दोन कप्प्यांचा सिलिंडर आला. त्यांत एक वाट फुटली तरी दुसरी दोन चाकें धरते. ज्याच्यापाशीं एकाच कामापुरते पैसे असतील त्यानें डिस्कचा नाद तूर्त सोडावा, आणि हा दुहेरी सिलिंडर व नव्या नळ्या आधीं घ्याव्या. नीट जुळविलेला ड्रम-ब्रेक गांवांतल्या गांवांत, सावकाश चालीला मुळींच वाईट नसतो. जुन्या रबरी नळ्या मात्र फसव्या असतात. बाहेरून धड दिसतात, आणि आंतून फुगून बंद होत आलेल्या असतात. दाबलेला ब्रेक सुटत नाहीं ह्या तक्रारीचें मूळ पुष्कळदां तेथें सांपडतें.

डिस्क आणण्याच्या वाटा दोन. भंगारांत निघालेल्या १९७१ किंवा १९७२ च्या गाडीचे स्पिंडल, डिस्क आणि कॅलिपर उतरवून आणणें ही जुनी वाट. बाजारांत मिळणारा तयार संच घेणें ही नवी. १९६३ सालीं पुढच्या स्प्रिंगांची सारी रचनाच बदलली, तेव्हां त्यापूर्वींच्या गाडीच्या धन्यानें आणलेला माल आपल्या गाडीला बसतो कीं नाहीं हें आधीं पडताळावें. त्यानंतरच्या गाडीच्या धन्यानेंहि बॉल-जॉइंटांचें माप घेतल्याखेरीज पैसे मोजूं नयेत. आणखी एक गोष्ट भल्याभल्यांच्या ध्यानांतून सुटते. १९७० पर्यंत सी-१० चें चाक सहा बोल्टांवर बसे, १९७१ पासून तें पांच बोल्टांवर आलें. पुढें नवे भाग आणि मागें जुने ठेवले तर एका गाडीला दोन जातींचीं चाकें होतात, आणि भर रस्त्यांत पुढचा टायर पंक्चर झाला असतां हौद्यांतील सहा बोल्टांची स्टेपनी नुसती पाहत बसावी लागते. सहा बोल्टांची डिस्क असलेले संचहि मिळतात. थोडे अधिक पैसे पडले तरी ते घेणें शहाणपणाचें. शिवाय कॅलिपरला जागा लागते, आणि त्यासाठीं बहुधा १५ इंची चाकें असावीं लागतात.

आतां पायाच्या जोराचा हिशेब. समजा, पॅडलवर ५० पौंड जोर पडला आणि पॅडलच्या तरफेनें तो सहापट केला. म्हणजे मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर ३०० पौंड आले. सिलिंडरचा व्यास १ इंच आणि वर एक-अष्टमांश असेल तर ऑइलमध्यें दर चौरस इंचास सुमारें ३०० पौंड दाब होतो. तोच व्यास नुसता १ इंच असेल तर दाब ३८० पर्यंत चढतो. व्यास लहान केल्यानें दाब वाढतो, पण पॅडलला अधिक अंतर चालावें लागतें; फार लहान केला तर दाब पुरा होण्याआधींच पॅडल फळीला लागेल. ज्याला हें नको तो इंजिनाच्या निर्वातावर चालणारा बूस्टर बसवितो. बूस्टर चांगला, मात्र शर्यतीच्या थाटाचा कॅमशाफ्ट घातलेल्या इंजिनांत निर्वात तोकडा पडतो आणि बूस्टर नांवापुरता उरतो. दोन्ही हौसा एकाच गाडींत पुरविणाऱ्यांची ही फजिती नेहमींची आहे.

ड्रमच्या मास्टर सिलिंडरांत बहुधा एक लहानशी झडप असते. पाय उचलल्यावरहि ती नळींत दर चौरस इंचास दहा पौंडांच्या आसपास दाब राखून ठेवते. शूंना मागें ओढणाऱ्या स्प्रिंगा दणकट असल्यानें तेथें तो चालतो. कॅलिपरला अशा स्प्रिंगा नाहींत. ही झडप डिस्कच्या वाटेवर राहून गेली तर पॅड सदा घासत राहतात, तबकडी विनाकारण तापते, आणि नव्या ब्रेकांचा धनी चक्रावून जातो.

पण सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मागच्या चाकांचा आहे. पिकअपचा हौदा रिकामा असतो तेव्हां मागच्या चाकांवर वजन फार थोडें. जोरानें ब्रेक दाबला कीं तें आणखी घटतें. डिस्कमुळें गाडी पूर्वीपेक्षां अधिक झपाट्यानें मंदावूं लागली, म्हणजे वजन अधिकच पुढें गेलें आणि मागचीं चाकें अधिकच हलकीं झालीं. आणि लहान व्यासाच्या सिलिंडरामुळें किंवा बूस्टरमुळें त्यांच्या ड्रमांकडे जाणारा दाब मात्र वाढलेला. चाक अडकून घसरूं लागलें कीं त्याला दिशा धरतां येत नाहीं. पुढचीं चाकें अडकलीं तर गाडी वळत नाहीं, पण निदान सरळ जाते. मागचीं आधीं अडकलीं तर गाडीचें शेंपूट पुढें यायला पाहतें आणि क्षणार्धांत गाडी आडवी होते. ओल्या रस्त्यावर, रिकाम्या हौद्यानें, हें सहज घडतें. आणि तें घडतें तेव्हां पुढच्या चाकांना चकचकीत नवे डिस्क असतात.

ह्याचा उपाय म्हणजे मागच्या वाटेवर बसविलेली प्रमाण राखणारी झडप. ठराविक मर्यादेपलीकडे ती मागच्या ब्रेकांचा दाब पुढच्यांच्या बरोबरीनें वाढूं देत नाहीं. कारखान्याच्या डिस्क-गाड्यांत तिच्याच जोडीला दुसरी एक झडप असते. मागचे शू स्प्रिंगांचा विरोध मोडून ड्रमला लागेपर्यंत ती पुढच्या डिस्कना अंमळ थोपवून धरते. हातानें फिरवून कमीजास्त करतां येणारी झडपहि मिळते. ती मोकळ्या मैदानांत, रिकाम्या हौद्यानें, प्रथम हळू आणि मग थोडा वेग वाढवून अशी बेताची करावी कीं जोराच्या ब्रेकांत पुढचीं चाकें मागच्यांच्या किंचित् आधीं अडकावीं. रिकाम्या गाडीला जुळविलेली झडप भरलेल्या गाडींत मागच्या चाकांचा पुरा उपयोग होऊं देत नाहीं, हें खरें. तेव्हां माल भरला असतां पुढच्या गाडीपासून अधिक अंतर राखून चालावें. मोठ्या कारखान्यांनाहि हा पेंच सहज सुटला नव्हता. फोर्डनें १९८७ सालीं आपल्या पिकअपना चाक अडकूं न देणारी यंत्रणा दिली, ती फक्त मागच्या चाकांपुरती होती.

जुळणीच्या वेळच्या दोन-तीन चुका सांगावयाच्या राहिल्या. कॅलिपर डावे-उजवे असतात. त्यांची अदलाबदल झाली तर हवा काढण्याचा स्क्रू खालच्या अंगाला येतो, हवा वर अडकून राहते, आणि कितीहि वेळ ऑइल काढलें तरी पॅडल स्पंजासारखें लागतें. रबरी नळी बसविल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून ती कोठें ताणत किंवा टायरला घासत नाहीं ना, हें पाहावें. नेहमींचें ब्रेक-ऑइल हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ३ जातीचें कोरडें ऑइल निदान २०५ अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळूं नये अशी अट आहे, तर ओलावलेल्यासाठीं ती १४० अंशांवर येते. म्हणून अर्धवट उरलेला जुना डबा नव्या कामांत वापरूं नये. आणि जुन्या ड्रममधील काळी धूळ फुंकून किंवा हवेच्या पंपानें उडवूं नये. त्या काळच्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असे, आणि ती धूळ फुप्फुसांत जाऊन रोग निर्माण करते. ओल्या फडक्यानें ती टिपून घ्यावी.

नवे पॅड पहिल्या दिवशीं पुरे धरीत नाहींत. मध्यम वेगावरून गाडी पुष्कळशी मंद करावी, पण उभी करूं नये. थोडें निवूं द्यावें आणि पुन्हां तसेंच करावें. दहा-बारा वेळां असें झालें कीं पॅड आणि तबकडी एकमेकांना लागूं होतात. त्यानंतर एखाद्या निवांत रस्त्यावर चार-पांच मैलांची फेरी करून गाडी शक्य तों ब्रेक न लावतां आपोआप थांबूं द्यावी, आणि प्रत्येक पुढच्या चाकाजवळ, न शिवतां, तळहात धरून पाहावा. दोन्ही बाजूंची ऊब सारखी असावी. एकीकडे ती अधिक लागली तर तेथील कॅलिपरचा दट्ट्या किंवा एखादी नळी अडकत आहे असें समजावें, आणि त्याच संध्याकाळीं तें चाक पुन्हां उतरवावें.